प्रथिनाचे तीन हात

असल्फ्याच्या त्या इमारतीत कुणाच्या भिंतीला ओल आली की पहिली हाक दशरथ परबांना जाते. परब भिंतीवर तळवा ठेवतात, ताप बघितल्यासारखे जरा थांबतात आणि सांगतात, "वरच्यांची मोरी." वॉटरप्रूफिंगच्या धंद्यात त्यांचा एकच नियम. कुणी लेपाचा एक हात मारायला सांगितला तर आपण तीन मारायचे. त्यांनी हात मारलेली गच्ची पुन्हा गळल्याचं कुणाला आठवत नाही.

वर्षातून एकदा मात्र ते भिंती सोडून देवाशी बोलतात. माघी गणपतीला गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा. कुणाची नोकरी, कुणाचं लग्न, बंद पडलेली लिफ्ट, सगळं ते खड्या आवाजात गणपतीच्या कानावर घालतात आणि प्रत्येक वाक्याला सगळी इमारत म्हणते, "व्हय म्हाराजा."

यंदा पंचाईत झाली होती. परबांच्या मोठ्या आतड्याला सूज आली होती आणि पोट कधी बोलावून घेईल याचा नेम नव्हता. अर्ध्या गाऱ्हाण्यातून पळावं लागलं तर? पुतण्या सर्वेश तयारच होता.

"काका, टेन्शन नको घेऊ. मी मोबाईलवर बघून म्हणतो ना."

सूज परबांनी सोसली असती. हे सोसवेना.

पार्ल्याच्या डॉक्टर इरावतीबाईंनी गोळ्या लिहून दिल्या आणि चित्र काढून समजावलं. आतड्याचं अस्तर म्हणजे पेशींची एकच रांग. पेशींमधले सांधे ढिले झाले की नको ते आत झिरपतं आणि सूज वाढते. प्रथिनं पचली की त्यांची अमिनो आम्लं होतात. त्यातलं ग्लुटामाइन या पेशी खातात. ट्रिप्टोफॅन नावाच्या दुसऱ्यापासून पोटातले जिवाणू असं काही बनवतात की सांधे घट्ट राहतात आणि सूज निवते.

एक पदरी भिंत, ढिले सांधे, झिरपणं. परबांशी त्यांच्या भाषेत इतकं कुणीच कधी बोललं नव्हतं. बाई पुढे "पण बेताने, आणि भाजी, डाळ" असं काहीतरी म्हणत होत्या, तेव्हा ते मनात माल मोजत होते.

दुसऱ्या दिवसापासून तीन हात सुरू झाले. सकाळी अंडी, दुपारी सुकट आणि कोंबडी, संध्याकाळी सर्वेशच्या जिमची पावडर. भात बंद, भाजी बंद. बायकोने, नलिनीबाईंनी, पानात भोपळा वाढला तर म्हणाले, "गो, त्यात माल नाय."

आठवडा सरला आणि घरात एक वास राहायला आला. नलिनीबाईंनी खिडक्या उघडल्या, धूप घातला, शेवटी पदर नाकाला लावून म्हणाल्या, "अवो, भिंत बांधताय की गटार?"

वास जिन्यात उतरला तेव्हा सेक्रेटरी श्यामसुंदर दारात आले. "परब, ड्रेनेज फुटलंय कुठेतरी. तुम्हीच शोधा."

परब निघाले, मागे अख्खी कमिटी. तळमजल्यावर चेंबर उघडलं, वास होता. पहिल्या मजल्यावर पाईप ठोकून पाहिला; होता. गच्चीवर तर पाईपच नव्हता. छान वारा सुटला होता, आणि तरीही होता.

"कमाल आहे," श्यामसुंदर म्हणाले, "आपल्याबरोबरच फिरतोय."

परबांनी सवयीने तळवा ठेवायला भिंत शोधली. ती नव्हती, म्हणून हात पोटावर गेला, आणि त्यांना उगम सापडला. उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी सापडलेली गळती जाहीर केली नाही. "बघतो मी," एवढंच म्हणून ते खाली उतरले.

सगळं ऐकून इरावतीबाई आधी पोटभर हसल्या. "अहो परब, एवढं प्रथिन वर लहान आतड्यात पचत नाही. उरलेलं मोठ्या आतड्यात जातं, तिथे जिवाणू ते कुजवतात. अमोनिया होतो, सडक्या अंड्यासारखा वायू होतो, आणि तुमची भिंत आणखी सोलवटते. जिवाणूंना चोथा लागतो. भाजी, डाळ, फळं. तो नसला की ते प्रथिनावर तुटून पडतात."

"म्हणजे मी साईटवर सिमेंटच्या गोण्या टाकत राहिलो," परब हळूच म्हणाले, "आणि कामगारांना जेवणच घातलं नाही."

"तसंच काहीसं. आणि गोळ्या चुकवू नका."

घरी आल्यावर भोपळा त्यांनी मागून घेतला. मऊ भात, मुगाचं वरण, एखादं अंडं. एकच हात, त्यांच्या हाताला तो फार पातळ वाटला. पण वास गेला, आणि माघी चतुर्थीपर्यंत पोटाचं बोलावणंही विरळ झालं.

गाऱ्हाण्याला ते उभे राहिले. सर्वेश बाजूलाच होता, मोबाईलचा उजेड चेहऱ्यावर घेऊन.

"बा देवा म्हाराजा, आज ह्या तुझ्या लेकरांनी जी काय सेवा केली हा, ती मान्य करून घे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"लिफ्ट चालू होऊ दे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

पुढचं वाक्य घ्यायला ते थांबले आणि त्या शांततेत त्यांचं पोट वाजलं. लांबलचक, खर्जातून चढत चढत गेलेला आवाज. सर्वेशने घसा साफ केला.

"व्हय म्हाराजा," सगळी इमारत एका सुरात म्हणाली.

परब क्षणभर वाट पाहत राहिले. पोटाला आणखी काही सांगायचं नव्हतं. मग त्यांनी गाऱ्हाणं उचललं आणि शेवटपर्यंत नेलं. नलिनीबाईंनी पदर पुन्हा तोंडाला लावला होता, पण या वेळी हसू दाबायला.

प्रसाद वाटताना श्यामसुंदर म्हणाले, "परब, ते मधलं नीट कळलं नाही. काय मागितलंत?"

"भिंतीचं होतं," परब म्हणाले, आणि सर्वेशच्या हातावर केळं ठेवलं.