अकरावा वादक

बसवनगुडीच्या पद्माकररावांना गिटार वाजवता येते, असं कळलं की लोक म्हणत, "मग होऊन जाऊ दे एखादं गाणं!" आणि तिथेच घोडं पेंड खायचं. कारण त्यांची गिटार बेस. चार जाड तारा आणि गाण्याच्या तळाशी चालणारा घुमा आवाज. घरात एकट्याने वाजवली तर खालचे भाडेकरू विचारायचे, पाण्याची मोटर बिघडली का?

विमा कचेरीतल्या या माणसाने चाळिशी उलटल्यावर दुकानातली सगळ्यांत स्वस्त बेस घरी आणली. तिच्यातून सारखं बारीक घूं यायचं, तारांवर हात ठेवला की जरा कमी व्हायचं. तरी चार वर्षं त्यांनी तिच्यावर जीव लावला आणि गणेशोत्सवात वाजवणाऱ्या एका ऑर्केस्ट्रात जागा मिळवली. आता तिथलं त्यांचं दुसरं वर्ष. दहा वर्षांची स्वानंदी आज प्रथमच आईबरोबर पुढच्या रांगेत बसली होती. मोठ्या स्पीकरमधून आपलं वाजवणं लेकीने एकदा ऐकावं, एवढीच बिचाऱ्यांची इच्छा.

तिसऱ्या गाण्यात गिटारच्या वायरची ढिली पिन निसटली. पाठीमागचा छोटा अॅम्प, म्हणजे त्यांच्यापुरता स्पीकर, गप्प झाला. पण मांडवातल्या मोठ्या स्पीकरमधून बेस सुरूच! पद्माकररावांनी मान वळवली. कीबोर्डवाल्याचा डावा हात त्यांचाच भाग वाजवत होता, एकही सूर न चुकता.

मध्यंतरात ते साउंडवाल्या देवाप्पाकडे गेले.

"माझा आवाज बाहेर जात नाही?"

"तुमच्या गिटारला स्वल्प घूं येतं, अण्णा. मी बंदच ठेवतो."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"मग मला बोलावता कशाला?"

"मंडळवाले अकरा वादक मोजून घेतात. दहा दिसले की भांडायला उठतात."

म्हणजे दोन वर्षं आपण निव्वळ खोगीरभरती! राग यायला हवा होता, पण आलं ते रडू. ते गिळून ते म्हणाले, "आज एकच गाणं सुरू ठेवा. मुलगी आलीय."

देवाप्पा काही वाईट माणूस नव्हता. "सरी, चालेल," म्हणाला आणि पुढच्या गाण्याला त्याने आवाज उघडला. सगळ्या मांडवात घूं भरलं. गायिकेने दचकून मागे पाहिलं, अध्यक्षांनी कानांवर हात ठेवले. देवाप्पाने लगेच बंद केलं. त्याचं चुकलं असंही म्हणता येईना.

अजून सात गाणी उरली होती. गिटार ठेवून निघून जावं, तर लेक समोर. पद्माकरराव उभे राहिले आणि सातही गाणी त्यांनी नीट, मन लावून वाजवली. कुणासाठी, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

नंतर प्रसादाच्या पुळियोगरेच्या, म्हणजे चिंचेच्या भाताच्या, रांगेत स्वानंदी धावत येऊन त्यांना बिलगली.

"बाबा, तो सगळ्यांत खालचा आवाज तुझा ना? मी शेवटपर्यंत तोच ऐकत होते. इतका मस्त!"

"हो," पद्माकरराव म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

"पण मध्येच ते घूं कोणी केलं रे? शी! सगळं गाणं घाण केलं."

त्यांनी तिच्या हातात पुळियोगरेचा द्रोण दिला.

"कोण जाणे, बाळा," ते म्हणाले.