सात घरांचा पाळणा

आमच्या घरात पावसात डोक्यावर घ्यायची इरली दोनच होती आणि माणसं तीन: दादा, वहिनी आणि मी. वडील गलबतावर खलाशी होते. मी सहा वर्षांचा असताना ते तापाने गेले. आई त्याच्या आधीच गेली होती. दादाने चौथीतून शाळा सोडली आणि मळ्यात उतरला. मी शाळेत जायचो, आणि जाताना दोनातलं एक इरलं घेऊन जायचो. वहिनी गोणपाटाची खोळ डोक्यावर घेऊन लावणीला वाकायची. पावसाळ्याच्या चार महिन्यांत तिचं लुगडं कधी सुकं पाहिल्याचं मला आठवत नाही. श्रावणात कणगी खरवडून झाली की पेज आणि टाकळ्याची भाजी. पेजेतली शितं माझ्या ताटलीत, वरचं पाणी त्या दोघांना. "भावजींना डोकं चालवायचं असतं," असं ती म्हणायची, आणि मलाही ते पटायचं.

डोकं मी चालवलं. रत्नागिरीला मॅट्रिक झालो, मुंबईला जाऊन बी. ए. झालो. आमच्या घराण्यात इंग्रजीत सही करणारा पहिला माणूस मी. याचा मला अभिमान होता, अजून आहे. पण त्या अभिमानाच्या भरात एक गोष्ट माझ्या हातून झाली, ती कधीतरी लिहून ठेवायची होती.

मला आफ्रिकेत मोंबासाला हिंदुस्थानी मुलांच्या शाळेत मास्तरची जागा मिळाली. करार तीन वर्षांचा. बायको आणि चार महिन्यांची मुलगी बरोबर न्यायची होती. घरसामान ठरलेल्या मापापर्यंत फुकट जाणार होतं. त्यासाठी छापील कागद आला: जिन्नस, नग, आणि शेवटी मालकाचं नाव. आमच्या ओटीवर बसून मी यादी केली. पाटा-वरवंटा, विळी, तांब्याचा हंडा, दोन पाट, तीन गोधड्या, आमसुलं, कुळीथ, सुकट, लोणच्याच्या दोन बरण्या, पुस्तकांची पेटी. वाडीतली माणसं भोवती जमून बघत होती. मी एकेक जिन्नस मोठ्याने मराठीत वाचायचो आणि इंग्रजीत लिहायचो. एक म्हातारा म्हणाला, "वरवंट्याला पण इंग्रजी नाव हाय? मंग त्यो तिकडं जाऊन साहेबच होयाचा!" सगळे हसले. मी जास्तच झोकात लिहू लागलो.

यादीच्या शेवटी मी पाळणा लिहिला.

या पाळण्याचं सांगायला हवं. आमच्या वाडीत सात घरं, आणि सात घरांत मिळून पाळणा एकच. फणसाच्या लाकडाचा, चार कोपऱ्यांना चार लाकडी पोपट, वर लोखंडी साखळ्या. कुणी करवला ते कुणालाच माहीत नव्हतं. ज्या घरी मूल होईल तिथे बाराव्या दिवशी बायका तो वाजतगाजत न्यायच्या. पुढचं मूल होईपर्यंत तो त्याच घरच्या तुळईला टांगलेला राहायचा. त्या वेळी आमच्या घरी होता, कारण शेवटचं मूल माझं. माझी मुलगी त्याच्याशिवाय डोळा मिटत नसे. बायको म्हणाली, "बोटीवर हिला कशात निजवू?" तेवढं मला पुरलं. मालकाच्या रकान्यात मी वरपासून खालपर्यंत माझं नाव लिहिलं, तेही मोठ्याने वाचत.

दादा जवळच बसला होता. त्याला अक्षर येत नव्हतं असं नाही, चौथीचं होतं. तो म्हणाला, "पाळणा तुझा कधीपासनं रे?"

"दादा, कागदावर एकच नाव लागतं. आणि तीन वर्षांचा प्रश्न."

"आणि तीन वर्सं वाडीत पोरं होयाची नायत?"

"नवीन करून घ्या की. सुतार मेले का?"

तो उठून गोठ्याकडे गेला. बी. ए. झालेल्या भावाशी बोलताना तो नेहमीच लवकर थांबायचा.

पाळणा बांधायला वहिनीच बसली. आमच्या मुलीला रात्ररात्र तिनेच जोजवलं होतं. वाडीतल्या जवळजवळ प्रत्येक पोराला तिनेच जोजवलं होतं. तिचं स्वतःचं मात्र काही नव्हतं. लग्नाला सतरा वर्षं झाली होती, दोनदा दिवस राहून गेले होते. तिने एकेक पोपट जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळला, मध्ये पेंढा भरला, साखळ्या वेगळ्या बांधल्या. गाठ मारताना म्हणाली, "भावजी, तिकडं काम झालं की लगेच धाडाल ना परत?"

आणि मी हसत म्हणालो, "वहिनी, तुम्हाला कशाला हो हवाय पाळणा?"

दीर-भावजयीची थट्टा म्हणून ते वाक्य बोललो. बायकोने माझ्याकडे चमकून पाहिलं. वहिनी हसली, गाठ पुन्हा एकदा ओढून घट्ट केली आणि उठून चुलीकडे गेली. तेव्हा तिला दुसरा महिना होता. दोनदा गेलेलं असल्यामुळे तीन महिने भरेपर्यंत तिने कुणापाशी तोंडातून काढायचं नाही असं ठरवलं होतं. दादालासुद्धा ठाऊक नव्हतं.

मार्गशीर्षात आम्ही रत्नागिरी बंदरावर आलो. पडावातून सामान आगबोटीवर चढलं. मुंबईला मोठी बोट, आणि तिथून मोंबासा.

मोंबासाचं घर चांगलं होतं. दगडी भिंती, वर पत्रा, पत्र्याखाली पातळ फळ्यांचं छत. तुळई कुठेच हाताला येईना. पाळणा टांगायचा कशाला? घरमालकाने छताला खिळाही मारू दिला नाही. मुलगी आठवडाभर रडली आणि मग चटईवर निजायला शिकली. पाळणा भिंतीशी उभा करून मी त्यात पुस्तकं लावली. येणारेजाणारे म्हणायचे, मास्तरांचं कपाट नामी आहे. मी सांगायचो, आमच्या घरातली जुनी वस्तू आहे.

होळीच्या सुमारास दादाचं पत्र आलं. गावच्या मास्तरकडून लिहवून घेतलेलं. पीकपाणी, म्हशीचं वेत, आणि शेवटी: 'तुझ्या वहिनीस पाचवा महिना चालू आहे. आषाढात दिवस भरतील. तिने पाळण्याबद्दल काही लिहू नको म्हणून सांगितले आहे.'

ते पत्र मी दोनदा वाचलं. 'तुम्हाला कशाला हो हवाय' हे माझंच वाक्य कानात वाजायला लागलं. त्याच दिवशी पुस्तकं काढून पाळणा बांधायला हवा होता. बोटी चालू होत्या, वेळ भरपूर होता. पण मला वाटलं, ही जुनी वस्तू काय धाडायची? माझ्या वहिनीला मी नवा पाळणा देईन, असा की गाव बघत राहील. एका पंजाबी सुताराला सांगितलं. आठ दिवसांचा वायदा करून त्याने दीड महिना लावला. पाळणा सुंदर झाला, खोटं का बोला. मी तो बायकोला दाखवला.

तिने त्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "अहो, वहिनींना पाळणा नकोय. तो पाळणा हवाय. वाडीतली सगळी पोरं त्यात घातली त्यांनी. आता आपलं घालायचं असेल तर त्या दुसऱ्या कशात घालतील का?"

"मग तू आधी का नाही बोललीस?"

"तुम्ही विचारलंत कधी?"

वैशाख निम्मा सरला होता. मी पुस्तकं जमिनीवर काढली आणि जुना पाळणा बांधला; नवा तिथेच राहिला. पेंढा मिळाला नाही म्हणून वर्तमानपत्रं भरली. बोटीच्या कचेरीत पुन्हा तसाच कागद आणि तोच मालकाचा रकाना. मी 'सात घरं' असं लिहिलं. कारकून म्हणाला, "हे कोण? माणसाचं नाव द्या." मी ते खोडून वहिनीचं नाव लिहिलं. तिचं नाव कुठल्याही कागदावर चढलं ते त्या दिवशी पहिल्यांदा. मला फार बरं वाटलं. चूक दुरुस्त केली असंच वाटलं.

पाळणा मुंबईला पोचला तेव्हा ज्येष्ठ लागला होता. पावसाळ्यात किनाऱ्याच्या आगबोटी बंद असतात, हे रत्नागिरीत जन्मलेल्या माणसाला सांगावं लागतं का? मी ते हिशेबात धरलंच नव्हतं. वाडीतला एक जण मुंबईत गिरणीत होता, त्याच्या खोलीत पाळणा पडून राहिला. एका खोलीत आठ माणसं. त्यांनी त्यात आपले कपडे ठेवले.

आषाढात वहिनीला मुलगी झाली. बाराव्या दिवशी लुगड्याच्या झोळीत घालून नाव ठेवलं.

पुढचं मला दादाने सांगितलं, तीन वर्षांनी रजेवर गेलो तेव्हा, ओटीवर त्याच जागी बसून. नारळी पौर्णिमेनंतर बोटी सुरू झाल्या. गणपतीला येणाऱ्या चाकरमान्यांबरोबर पाळणा बंदरात आला. दादा आणायला गेला तर कारकून म्हणाला, माल बाईच्या नावावर आहे, अंगठा बाईचाच हवा.

"मी बोल्लो, बाळंतीण हाय ती, दोन महिने पण झाले नायत. तर म्हन्तो, मंग बाळंतिणीला आणा. हे बघ तुझं शिक्षण, बाबा!"

मग वहिनी गेली. कडेवर पोर, पायाखाली चिखल, तरीतून खाडी ओलांडून, पुढे बैलगाडीत. तिने रत्नागिरीचं बंदर तोवर पाहिलं नव्हतं. अंगठा केला, फडकी सोडली, पाळण्यात वाकून बघितलं आणि हसायला लागली.

"म्हन्ते कशी, भावजींच्या पुस्तकांचा वास येतोय. पोरीला लागला तर बरं!"

एक पोपट मोडला होता. तिने तो पदरात बांधून घेतला. पाळणा गाडीत ठेवला, त्यात पोर निजवली आणि स्वतः बाजूला बसून येईपर्यंत हाताने धरून राहिली. घरी पोचली तर शेजारच्या घरी सून बाळंत होऊन बारा दिवस झालेले. बायका दारातच वाट बघत होत्या. रीत ठरलेली होती, पुढचं मूल झालं की पाळणा पुढे. दादा म्हणाला होता, ठेव आठ दिवस, कोण काय बोलणार नाही. तिने ठेवला नाही. स्वतः उचलून दिला. तिची मुलगी झोळीतच वाढली. त्यानंतर तिला मूल झालं नाही.

मी रजेवर असताना तिची क्षमा मागायला गेलो. पाट्यावर नारळ वाटत होती. म्हणाली, "कसली क्षमा? तुमी जेवायला बसा." मी बसलो. ताटलीत भात होता, नुसता भात, भरपूर.

मोडलेला पोपट मी सुताराकडून बसवून घेतला. पाळणा वाडीत आहे आणि एका घरातून दुसऱ्या घरात जातो आहे. वहिनीची मुलगी त्यात निजली ती एकदाच, रत्नागिरी बंदरापासून आमच्या दारापर्यंत.