तेरावं नाव

मालूताई गेल्याचा निरोप तिच्या भाच्यानं आणला तेव्हा मी मुगाची डाळ निवडत होते. चार दिवस नुसती रडले. पाचव्या दिवशी पेपरात एका मासिकाच्या संपादकाचा लेख वाचला आणि रडणं जे थांबलं, ते आज दीड महिना झाला तरी थांबलेलंच आहे. विज्ञानकथा लिहिणारे 'प्रा. अनंत ध्रुवे' म्हणजे आपणच, असं त्यानं लिहिलं होतं. मालूताई फक्त पक्की प्रत करून द्यायची म्हणे! वर शहाजोगपणा असा, की बाईंचं अक्षर फार सुरेख होतं. त्याचं नाव मी इथं लिहिणार नाही. मेलेल्या बाईचं नाव ज्यानं खाल्लं, त्याला माझ्या हातून फुकटची प्रसिद्धी कशाला?

जळगाव जामोदच्या एकाच शाळेत आम्ही जन्म काढला. ती विज्ञान शिकवायची, मी मराठी. लोणारच्या सहलीत पोरांनी तिला विचारलं, एवढा दगड वरून पडला तर त्याच्यावर कोणी बसलेलं होतं का? परतीच्या एसटीत तिनं तो दगड म्हणजे यानच, अशी गोष्ट रचली आणि त्याच्या मासिकाला पाठवली. साभार परत आली. काही महिन्यांनी तीच गोष्ट, कानामात्रा न बदलता, तिनं प्रा. ध्रुव्यांच्या नावानं पाठवली, तर अंकात पहिल्या पानावर! मग 'कॅप्टन शशांक' आले, 'डॉ. नीलकंठ' आले... हे तिन्ही बाप्ये आमच्या स्टाफरूममध्ये बसून मेथीची भाजी खायचे आणि कोणाला पत्ता नसायचा.

एकदा शेगावला दर्शनाला आलेला तो संपादक प्राध्यापकांना शोधत तिच्या दारात उभा राहिला. प्राध्यापक निघाले बाई. तिच्या हातचा झुणका दोनदा मागून खाल्ला आणि जाताना वचन घेतलं, की हे कोणाला सांगायचं नाही. वऱ्हाडातली मास्तरीण असलं लिहिते म्हटल्यावर वाचक हसतील, असं तोंडावर म्हणाला. मालूताईनं वचन दिलं आणि मरेपर्यंत पाळलं. माझा जीव जळायचा. "काऊन गप राह्यते वं तू?" असं मी कितीदा तरी भांडले असेन. ती एवढंच म्हणायची, "नाव त्याईचं राहू दे. पोट्टे तं माह्येच हायेत त्याच्यात."

ते खरंच होतं. कुठलंही यान उडो, त्यातले बारा प्रवासी तिच्या त्या वर्षीच्या वर्गातले असायचे, आणि तेही हजेरीपटाच्या क्रमानं. ती नावं तिनं स्वतःच्या एका वहीत उतरवून ठेवली होती.

वाचनालयात शोकसभा झाली, तिथं हा संपादक शाल पांघरून आला. बोलायला उठला आणि पुन्हा तेच, माझे ध्रुवे, माझं यान. मी त्या पहिल्या गोष्टीचा अंक घेऊनच गेले होते. उभी राहिले आणि विचारलं, "या यानातले बारा जण तुम्ही कुठून आणले हो?"

"बाई, प्रतिभा असं सांगून येत नसते," तो हसून म्हणाला.

मग मी अंक उघडला आणि मालूताई घ्यायची तशी हजेरी घेतली. अंबादास. मागच्या रांगेतला औषधाच्या दुकानाचा मालक उठला, म्हणाला, "हजर." केसात पांढरं आलेला माणूस, हात मात्र वर्गात करायचा तसाच वर. अशोक, हजर. गंगाधर... "तो गेला, बाई," कोणीतरी म्हणालं. दमयंती, हजर. बारापैकी आठ जण सभागृहात उभे होते. संपादक बाहेर जाऊन चपला शोधत होता. मला फार बरं वाटलं, हे कबूल करते.

पण पेपरात खुलासा अजून आलेला नाही. ध्रुव्यांच्या कथांचं पुस्तकही त्याच्याच नावानं निघणार आहे, असं ऐकते.

ती वही भाच्यानं मला दिली. पहिल्या गोष्टीतल्या त्या बारा नावांखाली मी माझ्या वाकड्यातिकड्या अक्षरात तेरावं नाव संपादकाचं लिहिलंय. सकाळचा चहा झाला, की वही उघडते, आणि त्याच्यापुढं लाल शाईनं गैरहजेरी मांडते. मालूताई असती तर म्हणाली असती, "जाऊ दे वं." पुस्तकावर तिचं नाव येईपर्यंत मी नाही जाऊ देत.