नाण्यांच्या डब्यातली पुरचुंडी

वैशाखरे गावाच्या वरच्या वाडीत कमळूचा नाण्यांचा डबा कोणाला माहीत नाही? मुरबाडच्या बाजारात मोड-भंगारवाल्याच्या टोपलीत, नांगरटीत, पडक्या भिंतीत, जिथे जुनं नाणं दिसेल तिथे ह्या माणसाचा जीव अडकायचा. भोकाचे पैसे, ढब्बू पैसे, आणि सगळ्यांत लाडके त्याच्या आईच्या गळ्यातल्या माळेतले चांदीचे राणीछाप रुपये. घाटाखालच्या पावसात चपलेला बुरशी येते, कोयत्याला गंज चढतो, पण कमळूच्या नाण्यांवर नवा डाग म्हणून नाही. "हाताचा गुण लागतो," असं तो पाहुण्यांना मिशीवर हात फिरवत सांगायचा. त्याची बायको लहानी तेव्हा चहा ठेवायला आत गेलेली असायची.

यंदा भाताच्या आवणीच्या दिवसांत लहानी बांधावरून घसरली आणि पाय मोडून बसली. लेक काजल वाशिंदला राहते. प्लास्टर उतरेपर्यंत तिनं आईला आपल्याकडेच ठेवून घेतलं. घरात कमळू एकटा. भाकरी थापायला शिकला, निदान तसं म्हणायचा, आणि एके दिवशी नाण्यांची काळजी घ्यायला बसला. डब्यात नाणी फडक्यांत गुंडाळलेली, आणि मधोमध तांदळाची एक पुरचुंडी. बायकोनं देवाचे तांदूळ ठेवलेत, असं त्याला वाटलं. देवाची वस्तू देवापाशीच बरी, म्हणून त्यानं ती देव्हाऱ्यात ठेवून वर हळद-कुंकू वाहिलं. मग ऊब नीट लागावी म्हणून नाणी फडक्यांतून मोकळी केली आणि डबा चुलीवरच्या माळ्यावर चढवला, बियाण्याच्या आणि सुक्या बोंबलांच्या शेजारी. पावसाळ्यात जे कोरडं राहायला हवं ते इथं सगळे तिथंच ठेवतात. झाकणही त्यानं किलकिलं ठेवलं.

गणपतीच्या आधी कमळूनं डबा खाली काढला आणि झाकण उचललं. आईचे रुपये काळेठिक्कर पडले होते.

शेजारचा गोजर म्हणाला, "चिंच नि राख लाव रे, लगेच चकचकीत होतील." कमळूनं चिंच भिजत घातलीसुद्धा. पण घासलं की राणीचा चेहरा झिजणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आईच्या अंगाला लागून आधीच गुळगुळीत झालेली नाणी आणखी झिजवायची हिंमत होईना. रडवेला होऊन त्यानं लहानीला फोन लावला.

"माळ्यावर ठेवली काय?" तिनं लगेच विचारलं. "अवो, धूर बसला त्यांना. नि तांदळाची पुरचुंडी कुठं गेली?"

"देवाला वाहिली."

लहानी इतकी हसली की काजलनं घाबरून फोन आपल्या हातात घेतला.

मग लहानीकडून सगळं बाहेर आलं. ते तांदूळ भाजलेले होते, डब्यातली ओल शोषून घ्यायला. मऊ पडले की लहानी नवे भाजून घालायची. उघडीप पडली, कमळू शेतावर गेला, की ती नाणी सुपात काढून सावलीत वाऱ्याला ठेवायची. बोटांचा घाम लागू नये म्हणून कडेला धरायची, आणि तांबं वेगळं, चांदी वेगळी अशी जुन्या धुतलेल्या लुगड्याच्या तुकड्यांत एकेक गुंडाळायची. इतकी वर्षं. कमळूला लाज वाटली, पण त्याहून जास्त भरून आलं. त्यानं भिजवलेली चिंच आमटीत घातली.

दसऱ्याला लहानी काठी टेकत घरी आली. रुपये तिनं उजेडात धरून पाहिले. "ही आता अशीच ऱ्हातील. घासू मात्र नका."

"मला कदी सांगितलं का नाय गो?"

"काय सांगायचं? मला त्या नाण्यांचं कवतिक नाय." तिनं हातातला रुपया फडक्यात गुंडाळला. "तुमची आय गेली त्या पावसात नाण्यांना डाग पडलेले. आयला सांभाळता आलं नाय, तिची नाणी पन नाय, असं म्हनून तुमी वळचणीला बसून रडत होता. तुमाला परत तसं बघायचं नव्हतं मला."

आभार मानायची त्यांच्या घरात रीत नव्हती. तरी कमळू म्हणाला, "लहाने, तुझे लय उपकार हायत माझ्यावर." मग त्यानं तिचा दुखरा पाय मांडीवर घेतला आणि तेल लावायला बसला.