मोठेबाबांची नटवी पिकअप

मालवाहू गाडी माल वाहण्यासाठी असते, ही साधी गोष्ट अख्ख्या वऱ्हाडात ज्या एकाच माणसाला मान्य नव्हती, तो माणूस माझ्या वडिलांचा थोरला भाऊ आहे. आम्ही त्यांना मोठेबाबा म्हणतो. मी अमरावतीत राजापेठेत खोली करून राहते, शिकवणी वर्गात शिकवते आणि उरलेल्या वेळात पत्रकं काढते. कर्कश हॉर्नविरुद्ध काढली, डोळे दिपवणाऱ्या दिव्यांविरुद्ध काढली, गाड्यांच्या सजावटीवर होणाऱ्या उधळपट्टीविरुद्ध तर दोनदा काढली. ती वाटायला मोर्शीकडच्या आमच्या गावी गेले, की या सगळ्या पापांची एकत्रित मूर्ती घरासमोर उभी, धुतलेली, पुसलेली, उन्हात चमकणारी. मोठेबाबा माझं पत्रक आदराने घेत, बोटांत धरून त्याचा पोत तपासत आणि त्यानेच पिकअपची पुढची काच पुसायला लागत. "कागद मस्त वापरतं तू, पोरी," ते म्हणत. "मांगच्या खेपेचा शाई सोडे. काचीवर सारा निषेध उमटला होता."

या गाडीच्या खरेदीपासूनच मी साक्षीदार आहे. बडनेरा रोडवरच्या दुकानात मोठेबाबा, त्यांची बायको म्हणजे आमची मोठीआई, माझे वडील आणि मी असे चौघं गेलो होतो. विकणारा मुलगा हुशार होता. गॅसवर काय परवडतं, डिझेलवर किती ओढतं, हे त्याने पाठ केलेलं सगळं म्हणून दाखवलं. मोठेबाबांनी ते ऐकून घेतलं आणि दोन्ही गाड्या चालू करायला सांगितल्या. मग एकेका बॉनेटवर तळहात ठेवून, डोळे मिटून, वैद्याने नाडी पाहावी तसे ते उभे राहिले. दुकानातली बाकीची गिऱ्हाइकंही गप्प झाली. शेवटी डोळे उघडून ते म्हणाले, "हे गॅसवालं मुकं हाय. शिव्या देल्या तरी आयकून घेईन. डिझेलचं कसं, पटलं नाई तं गुरगुरते. घरात एक तरी जन असा पाह्यजे."

मागे प्लास्टिकच्या खुर्चीवर मोठीआई बसली होती. "मंग मी कोन हावो?" तिने विचारलं.

विकणाऱ्या मुलाने लगबगीने तिच्यापुढे पाण्याचा ग्लास धरला. डिझेलची गाडी ठरली. धूर, हवा आणि पुढच्या पिढ्या यांबद्दल मी परतीच्या वाटेवर जे बोलले, त्यावर मोठेबाबांचं उत्तर एका वाक्याचं होतं. "गॅसवर पोया कराव्या, माय."

तेव्हापासून रोज सकाळी चहाच्या आधी गाडी चालू करून ऐकणं हा त्यांचा नेम झाला. आवाज मनासारखा असला की ते समाधानाने मान हलवत. नसला की "आज नाराज हाय" असं जाहीर करून किल्ली खुंटीला लावत आणि कामाला एसटीने जात. गाडीला काय लागतं यापेक्षा गाडीला काय वाटतं याची काळजी त्यांना जास्त. एकदा मोर्शीहून सरकीच्या ढेपेची पोती आणायची होती. ढेपेचं तेल रंगावर उतरेल म्हणून त्यांनी ती पोती भाड्याच्या ऑटोत घातली आणि ऑटोच्या मागे मागे, राखणीसाठी, स्वतःची रिकामी पिकअप घेऊन गावापर्यंत आले. मी फाट्यावर एसटीतून उतरत होते. ऑटोवाला थांबून मला म्हणाला, "ताई, तुमचे मोठेबाबा डोक्यानं ठीक हायत ना?" माझ्याकडे तेव्हा पत्रकं नव्हती, नाहीतर उत्तरादाखल एक दिलं असतं.

सजावटीसाठी मात्र अमरावती चालत नसे. अमरावतीचे लोक घाई करतात, असं त्यांचं मत. गाडी नटवावी ती अकोल्यात. तिथल्या एका गल्लीत ते सकाळी गाडी लावत आणि दिवसभर स्टुलावर बसून, नवरीच्या हातावर मेंदी काढताना आईने पाहावं तसं पाहत. पुढे चकचकीत स्टीलचा गार्ड आला. दोन्ही बाजूंना पाय ठेवायच्या स्टीलच्या पायऱ्या आल्या, पण त्यांवर पाय ठेवायला मनाई होती. निळे दिवे आले, रेडियमच्या पट्ट्या आल्या, आरशांना लाल-पिवळे गोंडे आले, सीटला मरून मखमल चढली. स्टिअरिंगसमोर पसरायला पिसारा फुलवलेल्या मोराचा एक जाडजूड गालिचा आला. मागच्या फळीवर काय लिहायचं याचा पेंटरशी दुपारभर काथ्याकूट झाला आणि अखेरीस लिहिलं गेलं, 'पाहू नका, पुढे जा'. त्यानंतर रस्त्यावर कोणी खरोखरच न पाहता पुढे गेलं की मोठेबाबा दुखावले जात. "डोये हायत का बटन हायत?" असं पुटपुटत ते त्या माणसाला पुन्हा मागे टाकत आणि मग त्याच्यापुढे सावकाश चालत.

टायरांची कथा सांगितली नाही तर पुढचं कळणार नाही. गाडी आली तेव्हा तिला खोल नक्षीचे, काळ्या मातीत पकड घेणारे टायर होते. मोठेबाबांना डांबरी रस्त्यावर त्यांचा आवाज आवडेना. बाई माणसाने नाल ठोकलेले बूट घालून चालावं तसं वाटतं म्हणाले. बाई माणसाने काय घालावं यावर माझं भाषण होईपर्यंत ते अकोल्याला पोचलेही होते. तिथून रुंद, गुळगुळीत, कडेला पांढरी रेघ असलेले टायर बसवून आले. उन्हाने रबर उलू नये म्हणून त्यांवर ओली पोती घातली जात आणि गल्लीतल्या कुत्र्यांचा हेतू लक्षात घेऊन मोठेबाबा हातात काठी घेऊन ओट्यावर बसत. जुने टायर गोठ्यामागे पडले. मोठीआईने त्यांत माती भरून कोथिंबीर लावली.

मोठीआईचं सगळंच असं असे. मोठेबाबांनी टाकलेल्या वस्तूत ती काहीतरी लावी. ज्या वर्षी पिकअप घरात आली, त्याच वर्षी तिने नाल्यापलीकडच्या वावरात संत्र्याची कलमं लावली. गाडी त्यांची, बाग हिची, अशी न बोलता वाटणी झाली. उन्हाळ्यात ती डोक्यावरून पाणी नेऊन एकेक झाड जगवत होती, तेव्हा मोठेबाबा घरी तेच पाणी टायरांवरच्या पोत्यांना घालत होते. मी भांडले. मोठीआई म्हणाली, "राहू दे व. त्यायले बी कायचा तरी जीव लावाव वाटते."

आता बागेपासून डांबरी रस्त्यापर्यंत आमची पांदण आहे, म्हणजे शेतात जाण्यायेण्याचा कच्चा रस्ता. रस्ता म्हणायचं ते नकाशावर. दोन्ही बाजूंच्या शेतकऱ्यांनी दरवर्षी एकेक तास, म्हणजे नांगराची एकेक ओळ, पुढे नांगरून तिला बैलाच्या पाठीएवढी करून ठेवली आहे, आणि पावसात तिथे काळ्या मातीचा असा गारा होतो की चप्पल आत गेली तर विसरून पुढे जायचं. या पांदणीसाठी मी किती पत्रकं काढली ते सांगत नाही. ज्यांनी वाट नांगरली त्यांनीच ती हसतमुखाने घेतली आणि संत्र्याच्या कॅरेटच्या तळाला अंथरली. फळाला डाग पडत नाही म्हणे. मोठेबाबांची पिकअप तर पांदणीच्या तोंडाशी डांबरावर नवरदेवासारखी उभी राही. माल तिथवर बैलगाडीने यायचा आणि खाली गोधडी अंथरल्याशिवाय पिकअपमध्ये चढायचा नाही.

यंदा मोठीआईच्या बागेला पहिला भरघोस बहार आला. तोडणीसाठी मी गावी गेले होते. दिवाळीच्या तोंडावर फळं तोडून कॅरेट भरून झाले, आणि भर दुपारी पावसाने जी सुरुवात केली ती तासाभराने थांबली तेव्हा पांदण संपलेली होती. व्यापाऱ्याचा ट्रक संध्याकाळी फाट्यावर येणार आणि निघून जाणार. भिजलेलं तोडलेलं फळ दोन दिवसही टिकत नाही. गावातले ट्रॅक्टरवाले ओट्यावर बसून आभाळ पाहत होते. पांदणीत कोणी उतरेना. बैलजोडीवाल्याने बैल दाखवले आणि म्हणाला, "हे माहे लेकरं हायत."

मोठीआई चिखलाने भरलेल्या पायांनी घरी आली. ओट्यावर मोठेबाबा, समोर पिकअप. ती म्हणाली, "गाडी नका आनू. खराब होईन." एवढंच. टोमणा नव्हता, रडणं नव्हतं, सगळा बहार वावरात सडायला ठेवून ती हातपाय धुवायला मोरीकडे गेली.

मोठेबाबा उठले, टायरांवरची पोती काढली, एरवी घडी करून ठेवत ती तशीच फेकली, आणि गाडी चालू केली. आवाज ऐकायला थांबले नाहीत. मी माझी पिशवी घेऊन मागे चढले. मोठीआई ओल्या हातांनी धावत आली आणि मनाई असलेल्या स्टीलच्या पायरीवर पाय देऊन पुढे बसली.

जाताना गाडी रिकामी होती, घसरत, वाकडी होत, पण पोचली. येताना कॅरेट भरलेले. नाल्याच्या अलीकडे मागची चाकं फिरायला लागली आणि गाडी जागच्या जागी खाली जायला लागली. ते गुळगुळीत टायर, त्यांची पांढरी रेघ आधी दिसेनाशी झाली, मग टायर. बाजूच्या वावरात कापूस फुटून उभा. चाकाखाली घालायला पऱ्हाटीची एक काडी कोणी मोडू देणार नव्हतं.

"जुने टायर असते तं निंगाली असती," मोठेबाबा म्हणाले.

"त्यात सांबार हाय," मोठीआई म्हणाली. कोथिंबिरीला आमच्याकडे सांबार म्हणतात.

मोठेबाबा दार उघडून थेट चिखलात उतरले. आधी पायाखालच्या रबरी चटया काढून मागच्या चाकांखाली दाबल्या. गाडी वीतभर सरकली आणि बसली. मग सीटची मरून मखमल ओढून काढली. तिचे टाके उसवतानाचा आवाज मला अजून आठवतो. पुन्हा वीतभर. पाण्याखालच्या दगडावर एक पायरी वाकली होती, ती त्यांनीच लाथ मारून पुरती तोडली आणि फळीसारखी चाकापुढे ठेवली. शेवटी त्यांनी मोराचा गालिचा उचलला.

"मोर राहू द्या," मोठीआई म्हणाली.

"काहून?"

"चांगला हाय."

"बाग बी चांगली हाय," मोठेबाबा म्हणाले आणि पिसारा चाकाखाली पसरला.

त्यातही थोडी जागा उरली होती. मी पिशवीतून पांदणीच्या मागणीची पत्रकं काढली, सगळा गठ्ठा, आणि मोरावर थापली. मोठेबाबांनी चिखलाच्या हाताने एक वाकवून पाहिलं. "जाड आनलं यंदा," म्हणाले, आणि स्टिअरिंगवर जाऊन बसले. डिझेलचं ते इंजिन असं काही गुरगुरलं की बाजूच्या वावरातले बगळे उडाले. मी आणि मोठीआईने मागून खांदा लावला. गाडी मखमल, मोर आणि माझे विचार तुडवून वर आली.

ट्रक उभा होता. माल गेला.

नंतर मोठेबाबांनी गाडी धुतली नाही. फाट्यावर, चहाच्या दुकानासमोर, चिखलाने लडबडलेली तशीच उभी केली. एक पायरी गायब, एक लोंबती, सीटचा स्पंज उघडा. लोक चहा घेऊन भोवती फिरत. कुत्रीही आली, त्यांनी जुनी इच्छा पुरी केली, आणि मोठेबाबांनी काठी उचलली नाही. ते पाहून गावाला जे कळायचं ते कळलं. "ज्यानं टायरले कुत्रं शिवू देल्लं नाई, त्यानं गाडी गाऱ्यात घातली," ट्रॅक्टरवाला म्हणाला, "म्हंजे पांदण खरंच खराब असन." वाट नांगरणाऱ्यांपैकी दोघांनी दुसऱ्या दिवशी आपापलं तास मागे घेतलं. हळूहळू बाकीच्यांनीही घेतलं आणि गावाने वर्गणीतून नाल्यापर्यंत मुरूम टाकला. नाल्यापुढचं भांडण अजून चालू आहे. माझी मोहीमही.

आता पिकअपला जुने टायर परत बसले आहेत आणि पांढऱ्या रेघेच्या टायरांत मोठीआईची कोथिंबीर आली आहे. गोंडे आणि रेडियमच्या पट्ट्या बागेतल्या झाडांना बांधल्या. वारा आला की चमकतात आणि पोपट बिचकतात. मोठेबाबा रोज बागेत जातात. येताना गाडीत ढेप असते, कांदे असतात, शेजाऱ्यांची शेळीसुद्धा असते. खाली गोधडी नसते. सकाळी चालू करून ऐकणं त्यांनी सोडलं. मोठीआईच स्वयंपाकघरातून कान देते आणि म्हणते, "आज नाराज हाय." ते तरीही निघतात.

म्हणजे मालवाहू गाडी माल वाहायला लागली. मला जे हवं होतं, जे मी छापून वाटलं होतं, ते झालं. तरीही गावी गेले की घरासमोर ती करडी, धुळकट गाडी पाहून मी एकदा मागे जाते आणि 'पाहू नका, पुढे जा' आहे का ते बघते. आहे. पुसट झालंय.

गेल्या महिन्यात निघताना मोठीआईने मला फाट्यापर्यंत सोडलं. एसटी येताना दिसली तेव्हा तिने माझ्या पत्रकांच्या पिशवीत हात घातला, संत्री ठेवली आणि हळूच विचारलं, "अकोल्याले कदी जाशीन व?"

"जाईन. काहून?"

"तसा मोराचा गालिचा भेटते का पाह्य जो. त्यायले सांगू नको."

मी परवा गेले. गल्ली सापडली, दुकान सापडलं. गालिचे होते, त्यांवर वाघ होते, गुलाब होते, पोपटांची जोडी होती. मोर नव्हता. दुकानदार म्हणाला, हल्ली मोर येत नाही. मी उधळपट्टीविरोधी पत्रकाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर माझा फोन नंबर लिहून त्याला दिला आणि सांगितलं, एक जरी आला तरी ठेवून द्या.