फुईच्या डोक्यावरचा पदर

राग माझ्या नाकावर असतो, हे वसईला आमच्या सगळ्या ख्रिस्ती आळीला ठाऊक होतं. त्यामुळे मिशनच्या शाळेत शिकवायला मी पश्चिम खानदेशात निघाले, तेव्हा आईनं रडायचं सोडून एकच बजावलं, की तिथे कुणावर खेकसू नकोस. मी शब्द दिला. दिला आणि पाळला नाही. ज्या बाईच्या बाबतीत पाळला नाही ती माझे केस पिकले तरी मनातून हलत नाही.

गाव तळोद्याकडचं. एका अंगाला गुजर शेतकऱ्यांची मोठाली घरं, दुसऱ्या अंगाला भिल्लवस्ती. वस्तीतली माणसं गुजरांच्याच कापसात आणि केळीत राबायची. त्यातली काही घरं ख्रिस्ती झाली होती, म्हणून मिशननं वस्तीच्या तोंडाशी कुडाची एक लांबट खोली बांधली होती. सोमवार ते शनिवार ती शाळा. महिन्यातून एका रविवारी मोठ्या मिशनवरून फादर मोटारसायकलवर धूळ उडवत यायचे, माझ्या टेबलावर पांढरी चादर पडायची आणि त्या खोलीचं देऊळ व्हायचं. मिस्सा, म्हणजे आमची उपासना, लॅटिनमध्ये, फादरांची पाठ लोकांकडे. घंटी वाजली की गुडघे टेकायचे, एवढंच लोकांना कळायचं.

फादरांनी मला सुरुवातीलाच सांगून ठेवलं, की मिस्सेला बायकांची डोकी झाकलेली हवीत, ते तुम्ही बघा. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आमच्याकडे आजी, आई, मी, कुणीच डोक्यावरून घेतल्याशिवाय देवळाची पायरी चढत नसे. संत पौलानं तसं लिहून ठेवलंय, देवदूत बघत असतात, असं आम्हांला शिकवलेलं. का, कशाला, हे आमच्या घरात कुणी विचारलं नव्हतं. मी मांजरपाट आणला, त्याचे रुमाल बेतले, हातानं कडा शिवल्या आणि टोपलीत घालून दाराशी ठेवले. ज्यांचं लुगडं आखूड असेल त्यांनी तो रुमाल घ्यायचा. मिस्सेच्या आधी मी दारात उभी राहून आत जाणारं एकेक डोकं बघायचे. खरं सांगते, मला ते काम आवडायचं. शाळेतल्या पोरांपेक्षा मोठ्या बायका जास्त ऐकतात, याचा मला थोडा माजच चढला होता.

शाळेचं पाणी भरायला एक बाई होती. चाळिशी उलटलेली, अंगानं काटक, जिभेनं फटकळ. तिला लहानथोर सगळे फुई म्हणायचे. फुई म्हणजे आत्या. ती त्या गावची लेक, म्हणून सगळ्या गावाची आत्या. तिला खापर गावाच्या बाजूला दिलं होतं. मूल झालं नाही, नवऱ्यानं दुसरी आणली, आणि एका उन्हाळ्यात सासूनं तिला घराबाहेर काढलं. फुई चालत आली. गावाची शीव लागली तशी तिनं डोक्यावरचा पदर काढला, कमरेला खोचला आणि उघड्या डोक्यानं भावाच्या दारात येऊन उभी राहिली. हे सगळं ती रांजणात पाणी ओतता ओतता हसत सांगायची. भावजय कुरकुरायची, पण भावानं तिला ठेवून घेतलं.

तिथला रिवाज तसाच होता. गुजराचं घर असो की भिल्लाचं, वहूनं म्हणजे सुनेनं पदर नाकाखाली ओढायचा. लेकीनं नाही. लेक माहेरी आली की तिचं डोकं मोकळं. माहेरात पदर घेऊन फिरली तर बायकाच तिची थट्टा करायच्या, काय गं, बापाच्या घरात कुणाची लाज धरतेस? हे मला चांगलं माहीत होतं. माहीत नसतं तर मी स्वतःला केव्हाच माफ करून मोकळी झाले असते.

भावाच्या घराबरोबर फुईनंही बाप्तिस्मा घेतला होता, पण मिस्सेला ती अजून कधी आली नव्हती आणि तिचं पहिलं कम्युनियनही राहिलं होतं. शिकवण झाल्याशिवाय ती पवित्र भाकर जिभेवर घेता येत नाही, म्हणून पावसाळाभर शाळा सुटली की मी तिला प्रार्थना शिकवायला बसायचे. पालथ्या घड्यावर पाणी! ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ इथवर गाडी यायची आणि अडायची, कारण फुईला शंका फार. बाप म्हणजे अगदी सख्खा बाप का? मग त्याच्या घरात भावजय असते का? मी हसून म्हटलं, की नसते, हा बाप कुणाचं ऐकून लेकीला घराबाहेर काढत नाही. माझं मलाच ते वाक्य फार आवडलं. फुईला तर इतकं आवडलं की ती विहिरीवर बायकांना ते सांगत सुटली. त्यानंतर तिचं पाठांतरही धावायला लागलं. नाताळच्या मिस्सेला कम्युनियन घ्यायचं ठरलं, आणि आदल्या दिवशी तिनं आपण होऊन सगळी खोली शेणानं सारवली.

नाताळच्या सकाळी मी दारात टोपली घेऊन उभी. फुई आली. केसांना तेल, चापून घातलेला अंबाडा, अंबाड्यात झेंडूचं फूल. भावानं घेतलेलं नवं लुगडं, आणि पदर कमरेला खोचलेला. मागून वस्तीतल्या बायका. मी रुमाल पुढे केला. तिला वाटलं मी थट्टा करते, ती हसून पुढे निघाली. मी हात आडवा घातला.

“बाई, तूच तर सांगेल शे, तो मन्हा बाप शे,” फुई म्हणाली. “बापना घरमा लेक डोकं झाकस का?”

मागच्या बायका खुदकन हसल्या. माझ्यावर नाही हसल्या, फुईनं बरोबर पकडलं म्हणून हसल्या. पण मला ते झोंबलं. त्या क्षणी माझ्या मनात ना संत पौल होता, ना देवदूत. पाणी भरणाऱ्या बाईनं मला चारचौघींत निरुत्तर केलं, एवढंच होतं. बाजूला घेऊन दोन शब्द समजावता आले असते. आत फादरांना विचारता आलं असतं. तिला तशीच आत सोडली असती तरी कम्युनियनपर्यंत फादरांना पत्ता लागला नसता, तोवर त्यांची पाठच होती.

“झाकायचं नसेल तर बाहेर उभी राहा,” मी म्हटलं.

आपणच सारवलेल्या जमिनीकडे फुईनं एकदा बघितलं आणि वळून खिडकीशी जाऊन उभी राहिली. मिस्सा पूर्ण होईपर्यंत गज धरून तिथेच. कम्युनियनच्या वेळी सगळ्यांच्या रांगेत मीही गुडघे टेकले. जिभेवर भाकर घेतली, डोकं व्यवस्थित झाकलेलं.

पुढच्या महिन्यात फुई आपण होऊन खिडकीशी गेली. मी दारातून बघत राहिले. मनात म्हटलं, आज तिनं माझ्याकडे बघितलं तर बोलावते. तिनं बघितलं नाही. मग उपासकाळ आला, ईस्टर आला. दर वेळी मी ठरवायचे आणि दर वेळी वाटायचं, आधी तिनं नमावं. मी शाळेची बाई, ती पाणी भरणारी. हे असं उघड लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा अगदी असंच वाटायचं. एरवी सोमवारी ती त्याच खोलीत उघड्या डोक्यानं यायची, रांजण भरायची, जायची. बोलणं पाण्यापुरतं. सासरच्या गोष्टी, शंका, हसणं, सगळं बंद झालं. मी कुणाचं काय हिरावून घेतलंय हे मला रोज त्या रांजणाशी दिसायचं.

शेवटी मी कुमसारात, म्हणजे पापनिवेदनात, फादरांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, “तुम्ही रुमाल दिला होता ना?”

“दिला होता.”

“मग तुम्ही नियम पाळलात. हे पाप नाही. पुढचं सांगा.”

आली का पंचाईत! पाप नाही म्हटल्यावर क्षमा कशाची करणार? मला वाटलं होतं ते रागावतील, प्रायश्चित्त म्हणून ढीगभर प्रार्थना देतील, मी त्या म्हणेन आणि सुटेन. फादर मनानं वाईट नव्हते. ताप अंगावर काढून मोटारसायकल हाकत आमच्याकडे यायचे. पण त्यांनी माझं ओझं घेतलंच नाही, जसंच्या तसं माझ्या हातात परत दिलं. मी त्यांच्यावरही चिडले. आणि फुईकडे मात्र तेव्हाही गेले नाही.

अशी वर्षं गेली. मग ते फादर बदलून गेले आणि तरुण फादर आले. मिस्सा मराठीत झाली. टेबल भिंतीपासून पुढे सरकलं आणि फादर आमच्याकडे तोंड करून उभे राहू लागले. मी त्यांना पहिल्या भेटीतच बायकांच्या डोक्यांचं विचारलं. ते म्हणाले, ज्यांना घ्यायचं त्यांनी घ्यावं, सक्ती नको. इतकंच! चहाचा घोट घेता घेता म्हणाले. मला सुटल्यासारखंही झालं आणि जोरात ओरडावंसंही वाटलं. एका घोटात जाणारी गोष्ट होती, तर त्या बाईला मी खिडकीत कशासाठी उभी केली?

मी तशीच फुईच्या घरी गेले. ती अंगणात कापूस वेचून साफ करत होती. मी म्हटलं, फुई, नियम बदलला, आता डोकं झाकायला नको, येत्या रविवारी आत ये, कम्युनियन घे. ‘माझं चुकलं’ हे वाटेत घोकत गेले होते, ते ओठांवर आलं नाही. नियम बदलला, एवढंच म्हणाले. जणू सगळा गुन्हा नियमाचा होता. फुईनं कापसातला कचरा काढता काढता मान हलवली. येते म्हणाली.

त्या रविवारी मी टोपली दाराशी ठेवली नाही. स्वतःचं डोकंही उघडं ठेवलं. जन्मात पहिल्यांदा देवळात उघड्या डोक्यानं उभी होते आणि अंगावर काही कमी असल्यासारखं वाटत होतं. फुई आली. पदर डोक्यावरून, कपाळावरून, पार हनुवटीच्या खाली ओढलेला. पायापुरतंच बघत, भिंतीच्या कडेकडेनं चालत ती आत आली आणि सगळ्यांच्या मागे, वहाणा ठेवतात तिथे बसली. तिला तशी कुणी कधी बघितली नव्हती.

मी तिच्याजवळ वाकले. म्हटलं, फुई, आता पदर नको, फादरांनीच सांगितलंय.

“ऱ्हाऊ दे बाई,” पदराआडून ती म्हणाली. “लेकले बापना दारमा कोनी उभं ठेवत नही. आते मी आठली वहू शे.”

आवाजात राग नव्हता. असता तर मला धरायला काहीतरी मिळालं असतं, मी हात जोडले असते, रडले असते. इथली सून, ही आपली जागा तिनं समजून घेतली होती, आणि ती तिला मीच दाखवली होती.

प्रार्थना सुरू झाली. आता मराठीत, सगळ्यांनी मिळून. तिला शब्दन्‌शब्द येत होता. कम्युनियनला ती रांगेत शेवटी आली आणि गुडघे टेकून बसली. तरुण फादर भाकर हातात धरून थबकले. समोर तोंडच नव्हतं. फुईनं दोन बोटांनी पदराची कड धरली, ओठ उघडे पडतील एवढीच उचलली, भाकर घेतली आणि पदर पुन्हा खाली सोडला. फादरांनी गोंधळून माझ्याकडे बघितलं. त्यांना काय सांगणार? सासऱ्यासमोर पाणी प्यायची वेळ आली, की तिकडच्या सुना अशाच पितात.