गाठींच्या जागा

आज सकाळी गॅलरीचं दार उघडलं आणि आंबूस वास नाकात शिरला. परवा बादलीत भिजत घातलेल्या मांजरपाटाची खळ सुटली होती. शिळ्या पेजेसारखा हा वास घरात कुणालाच आवडत नाही. आमचे यजमान तर वर्तमानपत्र उचलून थेट आतल्या खोलीत जातात. मी मात्र बादलीपाशी जरा रेंगाळते. आमच्या भिवंडीत कापडाला तोटा नाही. धामणकर नाक्यावरून रिक्षा वळली की दोन्ही बाजूंनी मागांची खडखड सुरू होते आणि टेम्पोच्या टेम्पो तागे लादून जाताना दिसतात. पण हे सगळं कापड बिनरंगाचं. इथं ते फक्त विणलं जातं. रंगायला, छापायला, कुणाच्या तरी अंगावर शोभायला ते दूर कुठंतरी निघून जातं. सगळं आयुष्य या गावात काढूनही कापडावर रंग कसा चढतो हे मी कधी पाहिलं नव्हतं. कदाचित म्हणूनच पन्नाशी उलटल्यावर, शाळेत गणित शिकवून घरी आल्यानंतरच्या वेळात, मला कापडावर ठसे उमटवण्याचं वेड लागलं.

भंगारातून आणलेला, मागावर आडवा धागा नेणारा लाकडी धोटा, सुताच्या रिकाम्या कांड्या, मागाची गंजकी दातेरी चाकं, असल्या वस्तूंना रंग फासायचा आणि कापडावर दाबायचं. पहिल्याच रविवारी मी चांगली चादरभर नक्षी छापली आणि घरभर मिरवली. दुसऱ्या दिवशी धुतली, तर सगळी नक्षी मोरीतून वाहून गेली. मी रडवेली होऊन दारात उभी होते, तेव्हा शेजारच्या मावशी पदर तोंडाला लावून हसल्या आणि 'ळ'चा 'ल', 'ड-ढ'चा 'र' करणाऱ्या आपल्या बोलीत म्हणाल्या, "खल धुतली व्हतीस का आधी? न्हाय ना? मंग रंग खलीवर बसला, न खलीसंगती गेला." कापडाच्या गावात जन्म काढलेल्या बाईनं करावी अशीच ही चूक होती. कोरं कापड धुवायचं असतं हे मला माहीत असणार कसं? आमच्याकडे कडक खळीचं कापड म्हणजेच चांगलं कापड! दोन दिवस भिजवून खळ आंबवायची, मग खळखळून धुवायची, हे मला मावशींनी शिकवलं. म्हणून हा वास माझ्यासाठी त्यांचा आहे.

मावशी माहेरच्या शेलार गावच्या, दिल्या जवळच्याच वळ गावात. सासरच्या शेतांवर गोदामं उभी राहिली, मुलांनी मोठाल्या गाड्या घेतल्या, वळ गावात बंगला बांधला. पण मावशींनी शहरातली दोन खोल्यांची जागा काही सोडली नाही. त्याला कारण त्यांचं काम. मागच्या गल्लीतल्या एका कारखान्यात त्या तीस वर्षं कापड तपासत होत्या. मागावरून उतरलेलं कापड तिरक्या टेबलावर पसरलेलं असायचं आणि मावशींची बोटं त्यावरून फिरायची. कुठं धागा तुटून गाठ मारलेली असेल, कुठं सुताचं शेपूट लोंबत असेल, तर चिमट्यानं ते उपटायचं, सुईच्या टोकानं आजूबाजूचे धागे सरकवून जागा बुजवायची आणि पुढं जायचं. ही खोड त्यांच्या हाताला इतकी जडली होती की लग्नात नवरीची ओटी भरायला गेल्या तरी आधी तिच्या शालूचा सुटलेला धागा खुडत. एकदा रिक्षात शेजारी बसलेल्या परक्या माणसाच्या खांद्यावरचा दोरा त्यांनी चिमटीत धरून तोडला आणि वर त्याला सांगितलं, "अब अच्छा दिखता हाय." मी लाजेनं बाहेर पाहत बसले. तो बिचारा नाक्यावर उतरेपर्यंत आपलाच खांदा निरखत होता.

मग आमच्या समोरचा कारखाना बंद पडला. माग भंगारात गेले आणि शेवटच्या ताग्यातलं उरलेलं चारेक मीटर कापड मालकांनी मला देऊन टाकलं. इतकी वर्षं ज्या खडखडाटाला मी नावं ठेवली, तो थांबल्यावर मला दुपारची झोप येईना. त्या कापडाचं काहीतरी करायचंच, असं मी ठरवलं. त्यावर धोट्याचे आणि चाकांचे निळे-काळे ठसे छापले. नंतर कारखान्याच्या फरशीवर पडलेलं टाकाऊ सूत गोळा केलं आणि त्याचा एकेक तुकडा विणीत ओवून त्याला गाठ मारत गेले. गाठींची टोकं मुद्दाम लोंबती ठेवली. मागावर धागा तुटला की माग थांबतो, कारागीर वाकतो, गाठ मारतो आणि माग पुन्हा चालू होतो. त्या वाकण्याची काहीतरी खूण राहावी, एवढंच माझ्या मनात होतं. शाळा, स्वयंपाक, पेपर तपासणं सांभाळून हे काम वर्षभर चाललं. शेवटी ठाण्यातल्या एका छोट्या प्रदर्शनात ते घेतलं गेलं, तेव्हा गणिताच्या बाई घरात एकट्याच नाचल्या, हे इथं कबूल करायला हरकत नाही.

प्रदर्शनाला चार दिवस उरले असताना आमच्याकडे घराचं रंगकाम काढलं होतं. कापडावर शिंतोडे उडू नयेत म्हणून मी ते दोन दिवसांसाठी मावशींकडे ठेवायला दिलं. "सांभाळा हं मावशी, ठाण्याला जायचंय ते," एवढंच म्हणाले. माझी चूक झाली ती इथंच. आमच्या गावात कापड बाहेर जायचं म्हणजे त्यावर गाठ राहता कामा नये, हे मला कळायला हवं होतं.

दोन दिवसांनी मावशी कापड घेऊन आल्या. ताग्यासारख्या नीट घड्या घातलेल्या. चेहरा थकलेला, पण नुसता फुललेला. मी घडी उलगडली. एकही गाठ नव्हती. एकही टोक नव्हतं. गुळगुळीत कापडावर तेवढे निळे-काळे ठसे उरले होते.

"कवऱ्या गाठी र्‍हायल्या व्हत्या तुझ्या कापराला!" मावशी कौतुकानं म्हणाल्या. "दोन दिस कामाला गेले न्हाय. सगल्या कारल्या. ठान्याची मानसा बगतील, तुला नावं नको ठेवाया."

मी ओरडले. "तुम्हाला कुणी सांगितलं होतं? माझं वर्षभराचं काम होतं ते! तुम्हाला काय कळतं यातलं?" आजही हे लिहिताना कान गरम होतात. "मना वाटलं, खराबी हाय," असं मावशी हळूच म्हणाल्या आणि निघून गेल्या. आमच्या दोन दारांमध्ये दिवसभर ये-जा असायची. त्या दिवशी मात्र त्यांचं दार लागलेलंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी शाळेला दांडी मारून मी पुन्हा गाठी मारायला बसले. वाटलं, जिथं गाठ होती तिथं भोक असेल, निदान वीण फाकलेली असेल. कापड खिडकीच्या उजेडात धरलं, इंचाइंचानं पाहिलं. मला एकही जागा सापडली नाही. ज्या गाठी मी स्वतः मारल्या होत्या, त्या कुठं होत्या हे मलाच कळेना. दोन दिवस, त्या वयाच्या डोळ्यांनी, प्रत्येक जागा मावशींनी सुईच्या टोकानं भरून काढली होती. चांगलं केलं तर कुणाला दिसूच नये, असं काम त्या जन्मभर करत आल्या. आणि मी त्यांना विचारलं होतं, तुम्हाला काय कळतं. मला माझीच इतकी लाज वाटली की तशीच उठले आणि त्यांचं दार ठोठावलं.

दार उघडल्यावर मी काही बोलण्याआधीच मावशी चष्मा लावून, सुई घेऊन उभ्या. "दे हिकरं. सांग, कवऱ्या बांधाच्या. मी बांधून देते परत." मी त्यांच्या गळ्यात पडून रडले. त्यांचं काम मोडून गाठी मात्र परत बांधल्या नाहीत.

कापड तसंच प्रदर्शनात लागलं. लोक येत, ठशांकडे नजर टाकत आणि पुढे जात. मला वाईट वाटलं नाही असं म्हणणं खोटं ठरेल. मावशी माझ्यासोबत आल्या होत्या, इरकली नेसून. बराच वेळ कुणी थांबेना, तेव्हा त्या स्वतःच कापडापाशी गेल्या आणि मला जवळ बोलावून बोट ठेवू लागल्या. "हितं एक व्हती. हितं दोन. ही लय घट मारली व्हतीस, सुटता सुटंना." त्यांचं बोट कापडावरून सरकत होतं, थांबत होतं, पुन्हा सरकत होतं. एकही जागा त्या विसरल्या नव्हत्या. वर्षभराच्या माझ्या कामाचा एवढा बारकाईनं पाहणारा प्रेक्षक मला त्याआधी मिळाला नव्हता आणि नंतरही नाही.

आता मावशी वळ गावी मुलाच्या बंगल्यात असतात. डोळ्यांना नीटसं दिसत नाही आणि बोटांना मुंग्या येतात. गेल्या महिन्यात मी ते कापड घेऊन त्यांच्याकडे गेले होते. मांडीवर पसरून दिलं आणि म्हटलं, "मावशी, दाखवा ना, कुठं होत्या गाठी?" पुष्कळ वेळ त्यांनी हात फिरवला. एका कोपऱ्यातून सुरुवात केली, दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत गेल्या, परत आल्या. मग त्यांनी हात उचलला आणि हसल्या.

"मनापन गावत न्हाय गो आता. मंजे बेस झालंय काम."

त्यांना खरोखरच आनंद झाला होता. मी कापडाची घडी घालायला घेतली. त्यात माझं एक वर्ष होतं आणि त्यांचे दोन दिवस होते. नेमके कुठं, ते सांगू शकणारं आता कुणी उरलं नव्हतं.